‘सॅम्पलर’ला मराठीत काय म्हणायचं?

उंबरठा: नगरकडच्या जुन्या मिशन शाळांवरच्या एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करतेय. सिंथिया फॅरार १८२७ साली मुंबईत आल्या, पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवत राहिल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. त्या काळापासूनचा विषय आहे. अडलेय ‘सॅम्पलर’वर. एकाच कापडावर मुळाक्षरं, आकडे, वेलबुट्टी, बायबलातलं एखादं वचन, खाली मुलीचं नाव, वय, साल. मी ‘भरतकामाचा नमुना’ लिहिलं, तर संपादकांनी खोडून ‘कशिदा’ केलं. कशिदा हे कामाचं नाव झालं. त्या कापडाला काय म्हणू?

बोरूबहाद्दर: कित्ता! अक्षर वळवायला कित्ता, तसा टाका वळवायलाही कित्ता. मूळ अरबी शब्दाचा अर्थ ‘तुकडा’, म्हणजे कापडालाही चालतोय. जुन्या जमाखर्चात ‘कित्ता’ म्हणजे ‘वरीलप्रमाणे’. मुलीही वरीलप्रमाणेच टाके घालत असणार.

उंबरठा: पण कित्ता समोर ठेवून आपण गिरवतो. इथे मुलीने केलेलं कामच सॅम्पलर आहे.

सुसंस्कृत: कित्ता अरबी, नमुना फारसी, कशिदाही फारसी. मराठी भिकेला लागली आहे का? ‘आदर्शपट’ म्हणा. ज्या प्रतीवरून नक्कल करायची ती आदर्श प्रत. सॅम्पलरच्या मुळाशीही लॅटिन ‘एक्झेम्प्लार’च आहे, त्यामुळे अर्थ चपखल बसतो.

दसूती: रुखवतात ‘आदर्शपट’ मांडला तर विहीणबाई हात जोडून उभ्या राहतील. आमची आजी मिशनच्या बोर्डिंगात शिकली. ती सरळ ‘टाक्यांचं फडकं’ म्हणायची. वर धावदोरा, मग उलटी टीप, साखळी, गाठीचा टाका आणि शेवटी काज. बाई उलट बाजू आधी बघायच्या, तिथे गाठी दिसल्या की सगळं उसवायला लावायच्या. नाव घालायची परवानगी मिळायची ती त्यानंतरच.

बोरूबहाद्दर: मुळात अक्षरं भरायला शिकवायचे ती चादरी-टॉवेलांवर खूण घालता यावी म्हणून. विलायती घरांत कपडे मोजून धुवायला जायचे. आपल्याकडे ते काम धोबी करतो, न पुसणाऱ्या शाईने, आणि तेही आपल्याला न विचारता.

नऊवार: मला गंमत वाटते ती वेगळीच. लुगड्याला शिवण नाही, चोळी तेवढी शिवायची. त्या मुलींना घरात या टाक्यांचा उपयोग किती?

दसूती: गोधडी कोण शिवत होतं? धावदोरा आपल्या बायकांना मिशनने शिकवलेला नाही. फुलीटाक्याने अक्षरं काढणं मात्र नवीन असेल. देवनागरी त्यात भरून बघा एकदा. शिरोरेषा सुतासारखी सरळ येते, पण ‘ळ’ची वेटोळी चौकटीत बसवताना रडू येतं. मी ‘सुस्वागतम्’ भरलंय, त्यात ‘ळ’ नाही ही देवाची कृपा.

सुसंस्कृत: ‘काज’ हा शब्द तरी आपला आहे. संस्कृत ‘कार्य’, प्राकृत ‘कज्ज’.

बोरूबहाद्दर: नाही हो. ते हिंदीतलं कामकाज. बटणाचं काज पोर्तुगीज ‘काझा’, म्हणजे घर. बटणाचं घर. ‘फीत’ही त्यांचीच.

सुसंस्कृत: जे दिसेल ते पोर्तुगिजांना देऊन टाकायचं, ही फॅशन झाली आहे.

बोरूबहाद्दर: बटाटा परत घेता का?

नऊवार: शिवण क्लासमध्ये आम्ही टाक्यांचे तुकडे वहीत चिकटवायचो, तिला ‘नमुना वही’ म्हणायचो. तेव्हा ‘नमुना’ काही वाईट नाही.

उंबरठा: वाईट नाही, पण ‘शाळेतल्या मुलींचे नमुने भिंतीवर टांगले होते’ असं वाक्य झालं आणि मीच हसले. सध्या ‘सॅम्पलर’ ठेवून पहिल्यांदा येईल तिथे खुलासा करतेय. दसूती, आजींचं फडकं अजून आहे का?

दसूती: आहे, ट्रंकेत. घडीवर पिवळं पडलंय. कोमट पाण्यात रिठ्याने धुवू का?

नऊवार: अजिबात नको! लाल दोरा आहे ना? आधी ओला पांढरा कापूस उलट बाजूला टेकवून बघ.

सुसंस्कृत: ‘ट्रंक’ला ‘पेटी’ म्हणायला काय हरकत होती?