बॅकलॉगमधला यंदाचा सगळ्यात आवडलेला गेम कोणता?

राजवाडा_रेडर: मंडळी, सेलमध्ये घेऊन ठेवलेले जुने गेम या वर्षी एकेक करून काढले आणि त्यात आउटर वाइल्ड्स काय जबरदस्त निघाला, २०१९ चा आहे, २२ मिनिटांत सूर्य फुटतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून, नवीन शस्त्र नाही की लेव्हल नाही, सोबत राहतं ते फक्त तुम्हाला जे कळलंय ते. खेळणार असाल तर प्लीज आधी काही वाचू नका. तुमचा कोणता?

पलासिया_पिक्सेल: होलो नाइट! ऑस्ट्रेलियातल्या टीम चेरीचा, २०१७ चा. नकाशासुद्धा आयता मिळत नाही भिया, कॉर्निफरला शोधा, त्याच्याकडून विकत घ्या, तोवर अंदाजाने फिरा. मेलात तर पैसे तिथेच राहतात, परत जाऊन आपल्याच सावलीशी लढून सोडवायचे. कठीण आहे पण कुठे अन्याय वाटत नाही.

माळव्याची_मुलगी: माझा राजी. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये काढला. भावाला शोधायला निघालेली बहीण, आणि गोष्ट सांगतात दुर्गा आणि विष्णू! लढाई ठीकठाक, पण ते महाल, ती भित्तिचित्रं बघायला मी मुद्दाम थांबत होते. छोटा आहे, लवकर संपतो.

राजवाडा_रेडर: राजी माझ्याकडे पडून आहे की! ताई, कीबोर्डवर जमतो का, का कंट्रोलर घ्यावाच लागेल?