कोलारच्या शिरांत चांदी इतकी कमी का?

वर एका प्रतिसादात विचारलंय की कर्नाटकातलं कोलार आणि अमेरिकेतल्या नेवाडातलं कॉमस्टॉक, दोन्ही खाणींत क्वार्ट्झच्या (गारेच्या) शिराच, म्हणजे गरम पाण्यातून खडकाच्या भेगांत साचलेले पट्टे, असताना कॉमस्टॉकमधून सोन्यापेक्षा कितीतरी जास्त चांदी निघाली, आणि कोलारमधून जवळजवळ सोनंच. असं का?

मला वाटतं, उत्तर पाण्यात आहे. गरम पाण्यात सोनं मुख्यतः गंधकाचा हात धरून वाहतं, तर चांदीला क्लोराइड, म्हणजे खारटपणा, जास्त मानवतो. कोलारचं पाणी खोलवर, रूपांतरित होणाऱ्या खडकांतून सुटलेलं होतं. त्यात मीठ कमी, कार्बन डायऑक्साइड आणि गंधक भरपूर. म्हणून सोनं आलं, चांदी मागे राहिली. भोवतालच्या अँफिबोलाइट या गडद रूपांतरित खडकातल्या लोहाने ते गंधक ओढून घेतलं, तिथे सोन्याचा आधारच सुटला आणि ते खाली बसलं. चॅम्पियन लोड ही शीर खोदत माणसं ३ किलोमीटरहून खोल गेली, ती २००१ मध्ये खाण बंद होईपर्यंत!

कॉमस्टॉक ज्वालामुखी प्रदेशातली, वयाने खूपच तरुण आणि उथळ. तिथे वर येणारं पाणी दाब कमी होताच उकळतं, गंधकाचा वायू निघून जातो आणि सोनं-चांदी एकत्र साचतात. १८५९ मध्ये तिथले लोक सोनं धुताना अडथळा करणारा जड निळसर गाळ फेकून देत होते. तपासल्यावर कळलं, त्यात चांदीचं सल्फाइड ठासून भरलंय.

त्यामुळे नुसता पांढरा क्वार्ट्झ बघून दोन शिरांची तुलना करू नये, असं माझं मत.