जिओफोन नेक्स्टचा गणपतीचा मुहूर्त हुकला: चिपटंचाई खरी, की नुसतं निमित्त?

तांब्याची_तार · ११ सप्टेंबर २०२१

२४ जूनला रिलायन्सच्या वार्षिक सभेत गुगलसोबत मिळून बनवलेला हा फोन जाहीर झाला आणि तारीख दिली १० सप्टेंबर, गणेश चतुर्थी. गुरुवारी रात्री उशिरा पत्रक आलं. मोजक्या लोकांकडे फोन देऊन चाचण्या चालू आहेत, त्यात आणखी सुधारणा करायच्या आहेत, दिवाळीपर्यंत तो सगळीकडे पोचवायचा प्रयत्न आहे, आणि वाढीव वेळामुळे जगभरच्या सेमीकंडक्टर (म्हणजे चिप) टंचाईची झळही कमी होईल, असा त्याचा सारांश. तेव्हापासून तर्कांना ऊत आलाय. कुणी म्हणतं फोनच रद्द झाला, कुणी म्हणतं गुगलने अंग काढून घेतलं.

माझं मत स्पष्ट आहे, मुख्य कारण टंचाईच. ऑगस्टमध्ये फुटलेल्या माहितीनुसार यात क्वालकॉमची क्यूएम२१५ चिप आहे, म्हणजे स्नॅपड्रॅगन २१५ च्या घरातली, २८ नॅनोमीटरवर बनणारी (हा आकडा जितका मोठा तितकं चिप बनवायचं तंत्र जुनं). लोकांना वाटतं, जुनी चिप आहे तर पोत्याने मिळत असेल. उलट आहे. गाड्या, राउटर, टीव्ही यांच्या चिप २८ आणि त्याहून जुन्या नॅनोमीटरवर बनतात आणि त्या लाइन वाढवायला वर्षानुवर्षं कुणी पैसा घातला नाही, कारण त्यात नफा बेताचा. तैवानच्या टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीने चीनमधल्या नानजिंगला २८ नॅनोमीटरची क्षमता वाढवायला मंजुरी दिली ती या एप्रिलमध्ये, आणि उत्पादन निघणार २०२२ च्या उत्तरार्धात.

शिवाय नुसत्या प्रोसेसरने फोन होत नाही. पॉवर मॅनेजमेंटची चिप, डिस्प्ले चालवणारी चिप, चार्जिंगची चिप या सगळ्या जुन्याच लाइनवरच्या, आणि खरी मारामार त्यांचीच आहे. चिपच्या मागणीपासून माल हातात पडेपर्यंत सध्या सरासरी २० आठवड्यांच्या वर जातात. जूनअखेरीस मागणी नोंदवली असेल तर माल नोव्हेंबरात. हिशोब दिवाळीच्या आसपास येतो.

बूटलोडर_बाबा · ११ सप्टेंबर

तारभाऊ, तुमचाच हिशोब तुमच्या विरोधात जातो. २० आठवडे लागतात हे तुम्हाला-मला कळतं, तर ते त्यांना जूनमध्ये कळत नव्हतं का? सभेत फोन दाखवून मग सुट्या भागांच्या मागे कुणी धावत नाही. मागणी त्याआधीच नोंदवलेली असणार. पत्रक पुन्हा वाचा: आधी चाचण्या आणि सुधारणा, चिपचा उल्लेख शेवटी, तोही "मदत होईल" एवढाच. अडलंय ते सॉफ्टवेअरपाशी.

जूनमध्ये काय काय कबूल केलं ते बघा. स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणं, त्याचं भाषांतर, कॅमेऱ्यात एचडीआर (अनेक फोटो जोडून उजेड-सावली नीट दाखवणं), स्नॅपचॅटच्या लेन्स म्हणजे चेहऱ्यावरचे इफेक्ट. हे सगळं २ जीबी रॅमवर. मोडेम आणि ग्राफिक्सचा राखीव वाटा गेला की अँड्रॉइडच्या हातात पावणेदोनच्या आसपास उरते. आता फक्त एचडीआर घ्या. १३ मेगापिक्सेलची एक फ्रेम प्रक्रियेसाठी उघडली की साधारण २० एमबी. पाच फ्रेम एकावर एक रचायच्या तर १०० एमबी क्षणात हवेत. तेवढी जागा करायला सिस्टिम मागची ॲप्स मारते. माणूस व्हॉट्सॲपवरून फोटो काढायला कॅमेऱ्यात जातो आणि परत येतो तोवर व्हॉट्सॲप मेलेलं, लिहिलेला निरोपही गेलेला. पहिल्यांदाच स्मार्टफोन हातात घेणाऱ्याला हे "फोन बिघडला" असंच वाटणार. मोजक्या लोकांच्या हातात देऊन बघायचं ते हेच, प्रयोगशाळेत ते पुरतं दिसत नाही.

यातलं काही दुरुस्त केलं की नवा बिल्ड, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, आणि नव्या बिल्डला गुगलच्या सुसंगतता चाचण्या (ॲप्स नीट चालतात का ते बघणाऱ्या) पुन्हा. एवढ्या संथ प्रोसेसरवर पूर्ण फेरा एका दिवसात आटोपत नाही. काही नापास झालं की परत तेच.

एसएमटी_लाइन · १२ सप्टेंबर

दोघांनीही कारखान्यातली बाजू सोडली, म्हणून लिहितो.

लाइन चालते ती पूर्ण किटवर, म्हणजे सगळे भाग हातात असतील तरच. एका बोर्डावर कित्येकशे भाग बसतात आणि त्यातल्या एका चिपची रीळ (चिप रिळावर गुंडाळूनच येतात) नसेल तर बोर्ड पुढे सरकत नाही. बाकीचे सगळे भाग गोदामात पैसे अडकवून पडून राहतात. मागणी वेळेत नोंदवली होती, हे बाबांचं म्हणणं मान्य. पण यंदा नोंदवलेला मालही पूर्ण मिळत नाही. पुरवठादार प्रत्येकाला वाटून देतो, आणि त्या वाटपात जास्त भाव मोजणारा पुढे, स्वस्त फोनवाला शेवटी.

पर्यायी भाग का लावत नाहीत, असं काही जण विचारतायत. डिस्प्लेची चिप बदलली म्हणजे सहसा अख्खं डिस्प्ले मॉड्यूलच बदललं. तो चालवणारा ड्रायव्हर अँड्रॉइडच्या गाभ्यात, कर्नलमध्ये घालायचा, रंग आणि टच पुन्हा जुळवायचे, ड्रॉप टेस्ट पुन्हा, आणि बिल्ड बदलला म्हणून बाबा म्हणतात त्या चाचण्याही पुन्हा. बॅटरी दुसऱ्या कारखान्याची घेतली तर तिची बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी वेगळी लागते, आयएस १६०४६ या मानकाखाली. फोन आणि चार्जर आयएस १३२५२ खाली. म्हणून टंचाई आणि सॉफ्टवेअर अशी दोन वेगळी खाती करू नका. एक चिप मिळाली नाही की सॉफ्टवेअरचं काम आपोआप वाढतं.

एक मात्र बाबांच्या बाजूने. खोक्यात भरलेल्या फोनमध्ये जुना बिल्ड असेल तर दोनच मार्ग उरतात: खोकी फोडून पुन्हा फ्लॅश करा (नवं सॉफ्टवेअर भरा), नाहीतर पहिल्यांदा चालू करतानाच ग्राहकाला अपडेट उतरवायला लावा. पहिल्यात मजुरी आणि सील दोन्ही जातात. दुसऱ्यात नव्या माणसाचा त्या दिवसाचा डेटा पहिल्या तासात संपतो. बिल्ड पक्का होईपर्यंत पॅकिंग न करणं हेच शहाणपणाचं.

भावफलक · १२ सप्टेंबर

मला दोन्ही पटत नाही. अडलंय किंमतीवर. सगळीकडे ३,४९९ चा आकडा फिरतोय. तो कंपनीने दिलेला नाही, तरी लोक धरून बसलेत. २ जीबी रॅम, ३२ जीबी साठवण, साडेपाच इंची एचडी प्लस पडदा, दोन कॅमेरे, बॅटरी आणि वर जीएसटी १८ टक्के. ३,४९९ मधून कर काढला तर २,९६५ उरतात. त्यातून दुकानदाराचं कमिशन, वाहतूक, वॉरंटीची तरतूद गेली की भागांना काय राहतं? यंदा मेमरीही महागली आहे, आणि या चिपला लागते ती एलपीडीडीआर३ प्रकारची मेमरी जुन्या पिढीतली.

२०१७ चा जिओफोन १,५०० च्या परत मिळणाऱ्या अनामतीवर दिला, तेव्हा फोन साधा होता आणि फरक कंपनी सोसू शकली. इथे फरक मोठा आहे. म्हणजे हप्ते हवेत, कर्ज देणारे भागीदार हवेत, हप्ता थकला तर काय करायचं ते ठरायला हवं. अशा बोलण्यांना चिपपेक्षा जास्त वेळ लागतो.

मॉडेल_नंबर · १३ सप्टेंबर

"फोन रद्द" म्हणणाऱ्यांसाठी. बीआयएसच्या यादीत मॉडेल क्रमांक आहे की नाही, यावरून लाँचची तारीख निघत नाही. त्या नोंदीत निर्माता, कारखान्याचा पत्ता, ब्रँड आणि मॉडेल एवढंच असतं. नोंदणी झाली म्हणजे विकायची मुभा मिळाली, विकणं सुरू झालं असं नाही. नोंदणी होऊन कधीच बाजारात न आलेली मॉडेल्सही असतात. तसंच ऑगस्टमध्ये फुटलेला एलएस-५७०१-जे हा क्रमांक चाचणीच्या तुकडीचा असू शकतो, विक्रीचा फोन वेगळ्या क्रमांकाने आला तर दचकू नका.

लक्ष ठेवायचं तर या गोष्टींवर ठेवा: गुगलच्या प्ले सुसंगत उपकरणांच्या यादीत नाव येतं का, दुकानदारांना डेमो संच पोचतात का, आणि ग्राहकांच्या नोंदणीचं पान उघडतं का. शेवटचं दिसलं की आठवड्याभराची गोष्ट समजा.

तांब्याची_तार · १३ सप्टेंबर

एसएमटी यांचा वाटपाचा मुद्दा नेमका आहे, बाबांच्या आक्षेपाला तेच उत्तर. भावफलक, किंमत ठरत नव्हती तर जूनमध्ये तारीख देऊन स्वतःच्या पायावर धोंडा कोण पाडून घेईल?

भावफलक · १३ सप्टेंबर

तारीख दिली, किंमत दिली नाही. त्यातच सगळं आलं.

भावफलक · ३० ऑक्टोबर

काल किंमत आली: ६,४९९. किंवा १,९९९ आधी, ५०१ प्रक्रिया शुल्क आणि १८ किंवा २४ महिने हप्ते. विक्री ४ नोव्हेंबरपासून, ऐन लक्ष्मीपूजनाला. आता तरी मान्य करा. जुनी चिप, ३५०० एमएएचची बॅटरी, मायक्रो यूएसबी, आणि ६,४९९? गेल्या वर्षी रेडमी ९ए ६,७९९ ला आला, त्यात १२ नॅनोमीटरची चिप आणि ५००० एमएएचची बॅटरी होती.

तांब्याची_तार · ३० ऑक्टोबर

किंमत चढली ती टंचाईमुळेच. मेमरी आणि पडदा महाग पडला की ६,४९९ होणारच. तुम्ही परिणामाला कारण म्हणताय.

बूटलोडर_बाबा · ३१ ऑक्टोबर

रेडमीलाही तीच मेमरी घ्यावी लागते, तारभाऊ. टंचाई एकट्या जिओला नाही. फरक संख्येत आहे. रेडमीवाली शाओमी कोटींनी फोन बनवते, तिला भाव वेगळा मिळतो. हा फोन नवा, तिरुपती आणि श्रीपेरुम्बुदूरच्या नियोलिंक या कंपनीच्या कारखान्यांत बनणार. पहिल्या तुकडीचा सगळा भार त्यावरच.

सॉफ्टवेअरबद्दल माझं मत कायम आहे. जूनमध्ये नुसतं "खास अँड्रॉइड" होतं, आता त्याला प्रगती ओएस असं नाव आहे आणि वाचून दाखवणं, भाषांतर दोन्ही त्यात आहेत. हे काम लाँच पुढे ढकलल्यानंतरच्या आठ आठवड्यांत झालंय.

एसएमटी_लाइन · ३१ ऑक्टोबर

आठ आठवड्यांत नवी सुविधा बनत नाही, बनलेली घट्ट होते. आणि त्याच आठ आठवड्यांत अडकलेल्या रिळाही येतात. कुठलं आधी संपलं ते आतल्या लोकांनाच ठाऊक. पण बाहेर पहिला माल किती येतो ते बघता येईल. पहिल्याच आठवड्यात तालुक्याच्या दुकानापर्यंत फोन मुबलक दिसले तर भागांची अडचण तेवढी नव्हती, मी माझं म्हणणं मागे घेईन. नोंदणी करा, निरोप आला की मगच दुकानात या, अशी पद्धत ठेवली आहे. माल मोजका असतो तेव्हाच असं करतात.

भावफलक · ५ नोव्हेंबर

घ्यायचाच असेल त्यांच्यासाठी हिशोब करून ठेवतो. २४ महिन्यांचा सर्वांत स्वस्त हप्ता ३०० चा: ७,२०० अधिक सुरुवातीचे २,५००, एकूण ९,७००. त्यात महिन्याला ५ जीबी आणि १०० मिनिटं, जे बहुतेकांना पुरणार नाही. दिवसाला दीड जीबीवाला हप्ता ४५० चा: १०,८०० अधिक २,५००, म्हणजे १३,३००. तोच फोन ६,४९९ रोखीने घेऊन सध्याचं ८४ दिवसांचं ५५५ चं रिचार्ज मारत राहिलात तर दोन वर्षांचं रिचार्ज सुमारे ४,८२५, एकूण ११,३२५ च्या आसपास. साधारण दोन हजारांचा फरक. रोख जमत असेल तर रोखच घ्या.

आणि घेण्याआधी एक तपासा: सिम दोन बसतात, पण डेटा फक्त जिओच्याच सिमवर चालतो. गावात जिओची रेंज अशक्त असेल तर दुसऱ्या सिमवर फक्त कॉल होतील.

बूटलोडर_बाबा · ५ नोव्हेंबर

घेतल्यावर पहिलं अपडेट वायफायवर उतरवा, बॅटरी अर्ध्याच्या वर ठेवून. कॅमेऱ्यातून परत येताना व्हॉट्सॲप जिवंत राहतं का, ते इथे लिहा. माझा मुद्दा खरा की खोटा, ते त्यावरून कळेल.