मदत हवी आहे: दोन कोडरांमध्ये एकमत कमी, कप्पा (kappa, योगायोग वगळून एकमत मोजणारा आकडा) कसा काढावा?

एम.ए.च्या प्रबंधासाठी घरकामगार महिलांच्या 18 अर्धसंरचित मुलाखती आहेत. त्यांतल्या 4 मुलाखती दोघींनी स्वतंत्रपणे कोड केल्या, म्हणजे उत्तरांना विषयाची लेबलं लावली; कोहेनचा कप्पा 0.46 आला (1 म्हणजे पूर्ण एकमत). घोळ 'सन्मान' आणि 'मालकिणीशी जवळीक' याच कोडमध्ये आहे, एकच उत्तर दोन्हीत बसतं. कोडबुकात व्याख्या, वगळण्याचे निकष, नमुना उतारे आहेत. कोड लावायचं एकक म्हणजे एक प्रश्नोत्तर, त्यामुळे तो वाद नाही. कोड एकत्र केले तर आकडा सुधारेल, पण प्रबंधाचा मुद्दाच त्या फरकात आहे! दुसरी कोडर आणखी 4 मुलाखतीच तपासू शकेल.

एका उताऱ्याला दोन्ही कोड लावू दिले, तर कप्पा प्रत्येक कोडसाठी 'आहे/नाही' असा वेगळा काढायचा का? आणि सुधारित व्याख्या जुन्याच 4 मुलाखतींवर तपासायच्या की न पाहिलेल्या 4 वर?