मदत हवी आहे: १३८१चं इंग्लंडमधलं बंड आणि सेंट ऑल्बन्सच्या मठातली दळणाची जाती

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयाच्या अभ्यासगटात मला १३८१च्या इंग्लंडमधल्या शेतकरी बंडावर बोलायचं आहे. घटनाक्रम जुळवून झाला आहे, पण एका प्रसंगाचा अर्थ कसा लावायचा यावर अडले आहे. मध्ययुगीन चर्चचा किंवा त्या काळच्या लॅटिन बखरींचा अभ्यास असलेल्यांनी जरूर लिहावं.

पार्श्वभूमी थोडक्यात. १३४८मध्ये प्लेग इंग्लंडला पोचला आणि निदान एक तृतीयांश माणसं गेली. शेतावर माणूस मिळेना, मजुरी चढायला लागली. लगेच १३४९चा हुकूम आणि १३५१चा कायदा आला: मजुरी साथीच्या आधीच्याच दराने द्यायची आणि घ्यायची. त्यात फ्रान्सशी युद्ध सुरू, त्याच्या खर्चासाठी डोईपट्टी. १३७७ला माणशी ४ पेन्स होती, ती १३८०ला १२ पेन्स झाली. मे १३८१च्या अखेरीस एसेक्स परगण्यातल्या लोकांनी वसुलीच्या चौकशीला आलेल्यांना पिटाळून लावलं आणि दोन आठवड्यांत बंडखोर लंडनमध्ये घुसले. इथवर सगळं समजतं. कर, मजुरी, वेठबिगार यांवर चिडलेली रयत उठली.

पण सेंट ऑल्बन्सला जे झालं ते एवढ्यात बसत नाही.

हे गाव लंडनच्या उत्तरेला आहे. तिथला बेनेडिक्टाइन पंथाचा मठ म्हणजे त्या मुलखाचा जमीनदारच. कुळांनी दळण मठाच्या चक्कीवरच आणायचं आणि त्यातला वाटा मठाला द्यायचा, अशी सक्ती होती. लोक घरी जाती ठेवून ती चुकवायचे. १३३०च्या सुमारास रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड या मठाधिपतीने घराघरांतली जाती जप्त केली आणि त्यांचे दगड मठातल्या बैठकीच्या खोलीत फरशी म्हणून बसवले. (हा रिचर्ड स्वतः लोहाराचा मुलगा, मोठा गणिती आणि त्याच्या खगोलीय घड्याळासाठी आजही प्रसिद्ध. अशा माणसाने हे करावं याचं मला फार वाईट वाटतं.) पुढे जवळजवळ पन्नास वर्षं ते दगड मठवाशांच्या पायांखाली होते.

जून १३८१मध्ये विल्यम ग्रिंडकॉब याच्या पुढाकाराने गावकरी मठात शिरले. जुनी कागदपत्रं त्यांनी जाळली. मग ती फरशी उखडली, दगड फोडले आणि तुकडे आपापसांत वाटून घेतले. त्या काळी रविवारी गावच्या चर्चमध्ये मंतरलेली भाकर (ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मासमध्ये ख्रिस्ताचं शरीर म्हणून घेतात ती भाकर नव्हे) मोडून सगळ्यांना देत, तसे हे तुकडे वाटले, असं बखरकार टॉमस वॉल्सिंगम लिहितो.

माझी अडचण नेमकी इथे आहे. वॉल्सिंगम याच मठातला संन्यासी. बंडखोरांबद्दल त्याच्या मनात रागच आहे. मग भाकरीची ती उपमा कोणाची? लोकांनी खरोखर तो विधी डोळ्यांपुढे ठेवून दगड वाटले, की त्यांनी पवित्र गोष्टीची विटंबना केली हे दाखवायला बखरकाराने ती घातली? मला पहिलं खरं वाटतं, कारण असं रचून लिहिण्यात मठाचा काही फायदा दिसत नाही. उलट वाचणाऱ्याला गावकऱ्यांचीच बाजू कळते. पण या तर्कावर कितपत विसंबावं?

बाकी बंडातही हाच पेच दिसतो. १३ जूनला, म्हणजे कॉर्पस क्रिस्तीच्या (ख्रिस्ताच्या देहाच्या) सणाच्या दिवशी, लोक लंडनमध्ये शिरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी कँटरबरीचा आर्चबिशप सायमन सडबरी याचं डोकं उडवलं. तो राज्याचा चॅन्सलर, म्हणजे राजाचा प्रमुख मंत्रीही होता, म्हणजे डोईपट्टीचा राग त्याच्यावर होताच. बंडाचा पुढारी वॉट टायलर याने राजाकडे मागितलं की देशात एकच बिशप असावा आणि चर्चच्या मालमत्ता त्या त्या गावच्या लोकांत वाटाव्यात. चर्चच नको, असं मात्र कोणी म्हटलं नाही. बंडाचा प्रचारक जॉन बॉल तर धर्मगुरूच. आदम जमीन खणत होता आणि हव्वा सूत कातत होती तेव्हा सरदार कोण होता, हा त्याचा सवाल सरळ बायबलच्या पहिल्या पानांवरून आला आहे. सफक परगण्यात पुढारी जॉन रॉ, तोही पुरोहितच. मजुरीसारखाच छोट्या पुरोहितांचा पगारही १३५०मध्ये आर्चबिशपने बांधून टाकला होता, हे वाचल्यावर ही माणसं बंडात का दिसतात ते मला उमगलं.

आणि राजावर तर केवढा विश्वास! १४ वर्षांच्या दुसऱ्या रिचर्डने १४ जूनला लंडनबाहेर माइल एंडला भूदासत्व (कुळाला जमीनदाराशी बांधून ठेवणारी गुलामी) संपल्याच्या सनदा दिल्या, तेव्हा पुष्कळ जण आनंदाने घरी परतले. दुसऱ्या दिवशी स्मिथफील्डला टायलर मारला गेला आणि २ जुलैला सनदा रद्द झाल्या. सेंट ऑल्बन्सचे लोक तर थेट आठव्या शतकातल्या ऑफा राजाची सनद मागत होते. तिची अक्षरं सोनेरी आणि निळी आहेत, मठाने ती लपवून ठेवली आहे, अशी त्यांची खात्री होती. मठाधिपती सांगत होता की असं काही नाहीच.

तर जाणकारांना विचारायचं ते असं. या बंडाला धर्मसत्तेविरुद्धचं बंड म्हणावं का? की श्रद्धा जागेवरच होती आणि लोक तिच्याच भाषेत आपला हक्क मागत होते? मी दुसऱ्या बाजूला झुकते, पण सडबरीचा खून आणि मठांवरचे हल्ले त्यात कसे बसवायचे? चर्चच्या संपत्तीवर आणि सत्तेवर टीका करणारा ऑक्सफर्डचा धर्मपंडित जॉन वायक्लिफ याच्या विचारांशी याचा संबंध जोडणारे पुष्कळ आहेत. बॉलवर मात्र १३६०च्या दशकातच प्रवचनबंदी आली होती, तेव्हा वायक्लिफचं नाव अजून गाजायचं होतं. म्हणून तो धागा मला कच्चा वाटतो. कोणाला पक्का वाटत असेल तर कारणांसहित लिहा.

वसई आणि गोव्याच्या कॅथलिक सदस्यांना एक वेगळी विनंती. ख्रिस्तप्रसाद सोडून, मंतरलेली भाकर सगळ्या गावाने वाटून खाण्याची प्रथा तुमच्याकडे कुठे आहे का? ती भाकर हातात घेताना लोक ‘आपण सगळे एक’ असं काही मनात आणतात का, हे कळलं तर त्या दगडांच्या तुकड्यांकडे कसं बघायचं ते मला नीट ठरवता येईल.

वॉल्सिंगमच्या बखरीतला हा भाग मूळ लॅटिनमधून कोणी वाचला असेल, तर त्या एका वाक्याचा सूर रागाचा आहे की नुसता वर्णनाचा, तेवढं कृपया सांगा.