सल्ला हवा: आजारातून उठलेले सासरे आणि नूडल्स मागणारा मुलगा, दोघांना चालेल असं चिकन-नूडल्सचं रात्रीचं जेवण

अबोली_फोंडा

नमस्कार मंडळी. आम्ही फोंड्याला राहतो. घरात पाच माणसं: सासू-सासरे, आम्ही दोघं आणि नऊ वर्षांचा मुलगा.

सासऱ्यांना पंधरा दिवसांपूर्वी ताप येऊन गेला. ताप उतरला, पण तोंडाची चव काही परत आली नाही. पेज आणि लोणच्याची फोड, यापुढे हात जात नाही. एरवी नुस्त्याशिवाय, म्हणजे माशाशिवाय, न जेवणारा माणूस. पण ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंदी, बाजारात ताजं नुस्तं फारसं नाही आणि जे आहे त्याला हात लावायची सोय नाही. म्हणून म्हटलं, कोंबडीचं काहीतरी गरम, रस्सेदार करावं. मुलाला नूडल्स हव्यात, म्हणजे एका टोपात दोघांचं भागेल.

गेल्या रविवारी करून बघितलं. सात वाजता बरं लागलं. यजमान वेर्ण्याहून पाळी संपवून साडेनऊला आले, तोवर टोपात रस्सा उरलाच नव्हता. नूडल्स करंगळीएवढ्या फुगलेल्या आणि सगळा मिळून एक गोळा. त्यांनी तोच मुकाट्याने खाल्ला. मला घास गेला नाही.

अडचणी अशा: सासऱ्यांना ब्लड प्रेशर आहे, मीठ बेताने. तिखट नको. मी सहाला घरी पोचते. सोमवार आणि गुरुवार आमच्याकडे शिवराक, म्हणजे शाकाहारी. आणि श्रावण लागला की चवथ (गणेश चतुर्थी) होईपर्यंत घरात कोंबडी शिजणार नाही, म्हणजे हातात जेमतेम दोन आठवडे आहेत. कुणी असं जेवण नेहमी करत असाल तर नीट सांगा.

दालचिनी

बाजारात चिकन क्यूब मिळतात. दोन टाका, पाणी उकळा, काम झालं.

डिचोलीकर_दादा

क्यूब नको. त्यात मिठाचाच भरणा जास्त, आणि ताईंनी ब्लड प्रेशर आहे म्हणून स्पष्ट लिहिलंय. नूडल्सच्या पाकिटातली मसाल्याची पुडी पण त्याच कारणाने बाजूला ठेवा.

मी बावीस वर्षं कॅन्टीनचं स्वयंपाकघर सांभाळलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो. ताई, तुमचा रस्सा कुठे गेला? नूडल्सनी पिऊन टाकला. मैद्याची असो की तांदळाची, शिजलेली नूडल गरम रस्श्यात पडून राहिली की पाणी ओढतच राहते. आच बंद केली म्हणून ती थांबत नाही. त्यामुळे पहिला नियम: रस्सा एका टोपात, नूडल्स दुसऱ्यात. नूडल्स वेगळ्या पाण्यात उकळा, पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या मिनिटभर आधी उपसा, चाळणीत थंड पाण्याखाली धरा आणि चमचाभर तेल चोळून ठेवा. जो जेवायला बसेल त्याच्या वाडग्यात तेवढ्याच घाला आणि वरून उकळता रस्सा ओता. यजमान साडेनऊला येवोत की साडेदहाला, त्यांना तेच जेवण मिळेल जे तुम्हाला सातला मिळालं. माणशी ५० ग्रॅम सुक्या नूडल्स पुष्कळ होतात.

आता रस्सा. पाच जणांना सव्वा किलो कोंबडी घ्या, हाडांसकट. दुकानदाराकडून मान, पंख आणि पाय मागून घ्या. पाय टाकू नका, गरम पाण्यात बुडवून वरची पिवळी साल सोलून काढा. रस्सा ओठाला किंचित चिकटतो ना, तो त्या पायांमुळे. कातडीतला, सांध्यातला चिकट भाग मंद आचेवर हळूहळू विरघळतो, म्हणून थंड झाल्यावर चांगला रस्सा जेलीसारखा थरथरतो. थरथरला नाही तर समजा पाणी जास्त पडलं.

अडीच लिटर थंड पाण्यात कोंबडी घाला. उकळत्या पाण्यात नको. थंडातून तापवलं की करडा फेस हळूहळू वर येतो, तो झाऱ्याने काढता येतो. सगळा काढा, इथे कंटाळा करू नका. मग एक कांदा उभा चिरून, आल्याचा अंगठ्याएवढा तुकडा ठेचून, लसणीच्या सहा पाकळ्या, दहा-बारा मिरी, चिमूटभर हळद. आच एवढीच की मधूनमधून एखादा बुडबुडा यावा. खळखळ उकळलंत तर चरबी पाण्यात फेटली जाते आणि रस्सा गढूळ होतो.

छातीचे तुकडे वीस मिनिटांत शिजतात, ते काढून घ्या, नाहीतर त्यांचा चोथा होतो. मांडीला पस्तीस-चाळीस मिनिटं. मांस सोडवून घ्या आणि हाडं परत टोपात टाकून आणखी पाऊण तास ठेवा. मीठ अगदी शेवटी, कारण रस्सा आटला की आधी घातलेलं मीठ जास्त होतं.

अबोली_फोंडा

दादा, इतकं कुणी समजावलं नव्हतं. पण सहाला घरी येऊन दोन तास कसे काढू? कुकर चालेल का? आणि गांवठी कोंबडी घ्यावी का? सासूबाई म्हणतात, आजाऱ्याला गांवठीच.

डिचोलीकर_दादा

कुकर चालेल. ब्रॉयलरला दोन शिट्ट्या आणि वाफ आपोआप जाऊ द्यायची. फक्त फेस काढल्यावरच झाकण लावा. रस्सा थोडा गढूळ होईल, चवीला कमी नाही.

गांवठीच्या बाबतीत सासूबाईंचं म्हणणं चवीपुरतं शंभर टक्के खरं. पण वयाने मोठा कोंबडा असेल तर सहा-सात शिट्ट्या आणि वर तासभर मंद आच. मांस दातात अडकतं, आजारी माणसाला चावणं जड जातं. मी काय करतो: अर्धी गांवठी रस्श्यासाठी आणि अर्धा किलो ब्रॉयलर खाण्यासाठी.

दुसरं म्हणजे रस्सा रविवारी करून ठेवा. फ्रिजमध्ये तीन दिवस राहतो. वर चरबीचा थर गोठतो तो चमच्याने उचला, सासऱ्यांना हलकं पडेल. मात्र रात्रभर शेगडीवर टोप ठेवून देऊ नका. आपल्या पावसाळी दमट हवेत दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे. मोठा टोप लवकर निवत नाही, म्हणून पसरट भांड्यात ओता. पावसात वीज जाऊन रात्रभर आली नाही तर सकाळी मोह न धरता फेकून द्या.

सासष्टीकर

मडगावात आमच्या शेजारी ख्रिश्चन कुटुंब आहे. त्यांच्याकडे आजारी माणसाला कांजा देतात. कोंबडीचा साधा रस्सा, त्यात तांदूळ नाहीतर बारीक पास्ता, वरून लिंबू. शब्द पोर्तुगिजांचा म्हणून ओळखला जातो, पण तो आपल्याच कांजीवरून तिकडे गेला. पोर्तुगालमध्ये आजही आजाऱ्याला हेच देतात. माझ्या वडिलांना टायफॉइड झाला तेव्हा शेजारची माई रोज संध्याकाळी झाकण लावलेला डबा कुंपणावरून द्यायची. डब्याला फडकं बांधलेलं असायचं आणि ते सोडलं की आधी मिरीचा वास यायचा.

सासऱ्यांना पेज आवडते ना? मग नूडल्सचा आग्रह कशाला? त्याच रस्श्यात मूठभर उकडे तांदूळ मऊ शिजवा, मांसाचे धागे घाला. मुलाच्या वाडग्यात नूडल्स, आजोबांच्या वाडग्यात पेज. टोप एकच. आणि मीठ कमी असल्याने जे अळणी लागतं त्याला उपाय आंबट. वाढताना लिंबू पिळा किंवा अर्धा चमचा माडाचं व्हिनेगर घाला.

मीरामारची_सांज

माझी बहीण अमेरिकेत ओहायोला असते. तिकडे चिकन अँड नूडल्स म्हणजे सूप नव्हे, दाट जेवण. नूडल्स घरीच करतात: २०० ग्रॅम मैदा, दोन अंडी, चिमूटभर मीठ, लागलंच तर चमचाभर पाणी. दहा मिनिटं मळायचं, अर्धा तास झाकून ठेवायचं, पोळीपेक्षा थोडं जाड लाटायचं, वर मैदा भुरभुरून गुंडाळी करायची आणि बोटभर नाही, अर्ध्या बोटाएवढ्या पट्ट्या कापायच्या. त्या तशाच पिठासकट उकळत्या रस्श्यात सोडतात. पट्ट्यांवरचं पीठ रस्श्यात उतरून तो दाट होतो. आणि हे सगळं कुस्करलेल्या बटाट्यावर वाढतात! नूडल्स आणि बटाटा एकत्र, मलाही आधी पटलं नव्हतं. पण थंडीत तिच्याकडे दोन वेळा मागून घेतलं.

दादांचा नियम इथे उलटा होतो हे लक्षात घ्या. तिकडे नूडल्स रस्श्यातच शिजवतात, कारण त्यांना दाटच हवं असतं. पण ते लगेच खायचं. साडेनऊच्या ताटासाठी हे कामाचं नाही.

दालचिनी

क्यूबचं माझं चुकलं, मीठ कमी हवं हे वाचायचं राहिलं. भरपाई म्हणून खाऊस्वे सुचवते, ब्रह्मदेशाकडचा पदार्थ. नारळाच्या दुधातला कोंबडीचा रस्सा, दाटपणासाठी दोन चमचे भाजलेलं बेसन, खाली नूडल्स आणि वर उकडलेलं अंडं, तळलेला कांदा, कांद्याची पात, लिंबू. प्रत्येकाने आपापल्या वाडग्यात हवं ते घ्यायचं, त्यामुळे तिखट खाणारे आणि न खाणारे एका टेबलावर बसतात. मी मूळची पुण्याची, पर्वरीला आल्यावर नारळ फोडायला शिकले, तेव्हापासून हा पदार्थ महिन्यातून एकदा असतोच.

काणकोणची_आजी

दालचिनी बाय, आम्ही दूध नाही म्हणत, रस म्हणतो. पहिला दाट रस बाजूला ठेव. दुसऱ्या पातळ रसात कोंबडी शिजव. दाट रस उतरवायच्या आधी घाल आणि एक कढ येतो न येतो तोच आच बंद कर, नाहीतर रस फाटतो.

अबोली, तुला एक विचारते. पाकिटाच्या नूडल्स कशाला? तुझ्या सासूकडे शेवयांचा साचा असेल. आपण गोड रसाबरोबर खातो त्या तांदळाच्या शेवया. त्या नूडल्सच आहेत. तांदळाच्या पिठाची उकड काढ, मळून लिंबाएवढे नाही, मोठ्या पेरूएवढे गोळे कर, उकळत्या पाण्यात सोड. वर तरंगले की शिजले. गरम आहेत तोवरच साच्यात घालायचे, निवले की दाबले जात नाहीत. एकाने दाबायचं, एकाने खाली हात फिरवत केळीच्या पानावर वेटोळं घ्यायचं. या कामाला दोन माणसं लागतात.

पण रस्श्यात उकळू नकोस हो, तुटून पीठ होईल. वाडग्यात वेटोळं ठेव आणि वरून रस्सा ओत. तुझा सासरा लहानपणापासून ती चव ओळखतो. तोंडाला चव नसलेल्या माणसाला नवीन चव देऊन उपयोग नाही, जुनी आठवू दे.

सासष्टीकर

आजी, हे मला सुचलं नव्हतं. माझी पेज मी मागे घेतो.

अबोली_फोंडा

मंडळी, काल बुधवारी केलं. सांगायला आलेय.

मंगळवारी रात्रीच रस्सा करून ठेवला होता, दादांनी सांगितला तसा, पायांसकट. सकाळी फ्रिज उघडला तर भांडं हलवल्यावर खरंच थरथरला. वरची चरबी वाटीभर निघाली. सहाला घरी आले तेव्हा फक्त गरम करायचा होता.

साचा माळ्यावर होता. सासूबाईंनी तो चिंच लावून घासला. मी उकड काढली, त्यांनी दाबलं, आणि वेटोळी घ्यायला मुलगा बसला. पहिली दोन तुटली. तिसऱ्याला त्याला जमलं, मग तो जागचा उठेना. सासरे बाहेर बलकांवावर (ओसरीवर) बसले होते, साच्याचा करकर आवाज ऐकून आत आले आणि दारातच उभे राहून म्हणाले, "शेवयो? आज कितें आसा?" आज काही नाही, तुमच्यासाठीच केल्यात, असं सासूबाईंनी सांगितलं.

त्यांच्या वाडग्यात दोन वेटोळी, मांसाचे बारीक धागे, रस्सा आणि लिंबू. मीठ पाच जणांच्या रस्श्याला एकच चमचा घातलं होतं, लिंबामुळे कुणाला जाणवलं नाही. वाडगा संपला. त्यांनी तो पुढे केला आणि रस्सा अजून मागितला. बोलले काहीच नाहीत. सासूबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या.

मुलाने शेवया खाल्ल्या, पण रविवारी अंड्याच्या नूडल्स करायचं माझ्याकडून कबूल करून घेतलंय. सांजताई, तो मैदा मी आणून ठेवलाय. यजमान पावणेदहाला आले. वेटोळी झाकून ठेवली होती, रस्सा उकळला, ओतला. या वेळी ते बोलले.

आजी, एकच अडचण आली. गोळे गरम असताना साचा पकडून सासूबाईंचे तळहात लाल झाले. यावर काही उपाय?

काणकोणची_आजी

मुठीला ओलं फडकं गुंडाळ. आणि गोळे एकदम सगळे बाहेर काढू नकोस. एक साच्यात, बाकीचे पाण्यात, आच मंद. उरलेल्या शेवया दुसऱ्या दिवशी वाफवून घे, कालच्यासारख्या मऊ होतात.