तुटपुंज्या मिळकतीत मुलांचे बालशिक्षण : आपले अनुभव लिहा

मूल अडीच-तीन वर्षांचे झाले की घराच्या मासिक हिशेबात एक नवा रकाना उघडतो, आणि तो नेमका अशा काळात उघडतो जेव्हा आई-वडिलांची कमाई बहुधा सुरुवातीच्या पायरीवर असते, घरभाडे किंवा कर्जाचा हप्ता डोक्यावर असतो आणि बाळंतपणानंतर दोघांपैकी एकाची मिळकत थांबलेली किंवा घटलेली असते. महाविद्यालयाच्या खर्चासाठी पंधरा-अठरा वर्षे बचत करायला वेळ मिळतो. तीन वर्षांच्या मुलासाठी तेवढी उसंत कोणालाच नसते. म्हणून हा धागा.

ज्यांनी हा खर्च ओढाताणीत निभावला त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. कोणता खर्च टाळला, कशाला हात लावला नाही, कोणाची मदत झाली आणि आपल्या निर्णयाबद्दल आज काय वाटते, हे वाचायला आवडेल. शाळांची नावे आणि रकमा लिहू नयेत, कारण त्या जागोजागी बदलतात. खर्च घराच्या मिळकतीच्या प्रमाणात सांगितला तर सर्वांना उपयोग होईल.

दोन मुलांची आई, खाजगी नोकरी

आमच्यासमोर दोन बालवाड्या होत्या. एकीची फी दुसरीपेक्षा बरीच कमी होती आणि घरातले सगळे तीच घेऊ म्हणत होते. मी प्रवेश घेण्याआधी एक कोरा कागद घेतला आणि दोन्हींसाठी वर्षभराचे आकडे समोरासमोर मांडले: प्रवेश शुल्क, अनामत रक्कम, सत्राची फी, साहित्याचा संच, गणवेश आणि बूट, व्हॅन, सहल, वार्षिक कार्यक्रमाचा पोशाख, आणायला उशीर झाल्यास लागणारा दंड. शेवटी एक ओळ अशी लिहिली की शाळेला सुट्टी असताना मूल कुठे राहील आणि त्याचे किती द्यावे लागतील. ही शेवटची ओळच निर्णायक ठरली. स्वस्त बालवाडी दुपारच्या आत सुटत होती, त्यामुळे संध्याकाळपर्यंत पाळणाघर लागणार होते आणि तिथवर नेण्यासाठी वेगळे वाहन. महाग वाटणारी बालवाडी चालत जाण्याच्या अंतरावर होती, गणवेशाची सक्ती करत नव्हती आणि तिच्याच आवारात पाळणाघर होते. वर्षाच्या बेरजेला बाराने भागल्यावर तीच स्वस्त निघाली.

एक गोष्ट आवर्जून सांगते. बेरीज करताना सुट्टीच्या महिन्यांची फी घेतात की नाही, आणि अनामत रक्कम कोणत्या अटींवर परत मिळते, हे लेखी मागावे. तोंडी सांगितलेले वर्षअखेरीस कोणाच्या लक्षात राहत नाही.

एकल पालक, पाळीची नोकरी

माझ्याकडे सत्राची फी एकरकमी भरण्याची ताकद कधीच नव्हती. प्रवेशाच्या वेळी मी मुख्याध्यापिकाबाईंना भेटून सांगितले की माझा पगार महिन्याच्या अखेरीस होतो, म्हणून फी दरमहा त्यानंतर भरण्याची मुभा हवी आहे. त्यांनी एक अर्ज लिहून घेतला आणि परवानगी दिली. अशी सोय माहितीपत्रकात कुठेही छापलेली नव्हती. भावंडांसाठीची सवलत, मिळकतीनुसार ठरणारी फी, एखाद्या देणगीदाराने राखून ठेवलेली जागा, यांबद्दलही हेच दिसते: ज्याने विचारले त्याला त्या कळतात. विचारताना संकोच वाटतो हे खरे आहे, पण थकबाकी साचल्यावर विचारण्यापेक्षा प्रवेशाआधी विचारणे दोन्ही बाजूंना सोपे जाते. थकलेल्या फीचा विषय मुलासमोर निघू नये, ही माझी पहिल्या दिवसापासूनची अट होती आणि तिथल्या ताईंनी ती पाळली.

बालवाडीत शिकवणारी शिक्षिका

पालक नेहमी विचारतात की एवढ्याशा मुलांना अक्षरेही शिकवायची नसताना फी इतकी का असते. त्याचे उत्तर साधे आहे. दहावीच्या वर्गात एक शिक्षक पन्नास मुलांना शिकवू शकतो. तीन वर्षांच्या पन्नास मुलांकडे एक माणूस बघू शकत नाही, कारण त्यातले एक रडत असते, एकाला शौचाला जायचे असते आणि दोघांचे एकाच ठोकळ्यावरून भांडण सुरू असते. जितके मूल लहान, तितकी माणसे जास्त लागतात, आणि या क्षेत्रात यंत्राने माणसाची जागा घेता येत नाही. त्यामुळे चांगल्या बालवाडीच्या खर्चाचा मोठा वाटा पगारांत जातो. फी फारच कमी असेल तर दोनच शक्यता उरतात: कोणीतरी अनुदान देत आहे, किंवा वर्गात माणसे कमी आहेत आणि असलेल्यांना पुरेसा पगार मिळत नाही. पहिली शक्यता असेल तर आनंदाने प्रवेश घ्यावा. दुसरी असेल तर ताई दर काही महिन्यांनी बदलत राहतात आणि त्याची किंमत मूल चुकवते.

ज्या खर्चाचा मुलाशी संबंध नसतो तोही मी जवळून पाहते. रंगीत भिंती, वातानुकूलित वर्ग, मोठा पडदा, छापील कार्यपुस्तिकांचे गठ्ठे. अमेरिकेत मिशिगन राज्यातील इप्सिलांटी या गावी 1962 मध्ये गरीब कुटुंबांतील तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी पेरी प्रीस्कूल नावाचा प्रयोग सुरू झाला. त्यात 123 मुलांचा अभ्यास झाला आणि पुढे ती चाळिशीत पोहोचली तरी त्यांचा मागोवा घेतला गेला. बालशाळेत न गेलेल्या मुलांच्या तुलनेत गेलेल्यांपैकी अधिक जणांनी शालेय शिक्षण पूर्ण केले आणि प्रौढपणी त्यांची मिळकतही तुलनेने चांगली होती. प्रयोग लहान होता, त्यामुळे त्यावरून सरसकट निष्कर्ष काढू नयेत. मला महत्त्वाचे वाटते ते तिथे नेमके काय होते हे. रोज सकाळी सुमारे अडीच तासांचा वर्ग, प्रशिक्षित शिक्षक, थोडी मुले आणि दर आठवड्याला शिक्षिकेची घरी भेट. म्हणजे दिवसभराची शाळाच चांगली असे समजण्याचे कारण नाही. ज्यांच्या घरी दुपारी कोणी असते त्यांनी अर्ध्या वेळेच्या वर्गात समाधान मानण्यात मुलाचे काहीही नुकसान नाही.

धागाकर्ता

बाई, आपण फार मोलाचे लिहिले आहे. बालवाडी बघायला गेलेल्या पालकाने, शिक्षणशास्त्रातले काही ठाऊक नसताना, नेमके काय पाहावे हेही सांगाल का?

बालवाडीत शिकवणारी शिक्षिका

वर्ग सुरू असताना तासभर कोपऱ्यात बसू द्या अशी विनंती करावी. बसू दिले नाही तर तेही एक उत्तर समजावे. रडत आलेल्या मुलाला ताई कशी घेते ते पाहावे: खाली बसून, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन बोलते, की हाताला धरून रांगेत उभे करते. मूल अडखळत काही सांगत असेल तर त्याचे वाक्य पुरे होईपर्यंत ती थांबते का? खेळणी मुलांच्या हाताला येतील अशी खाली मांडलेली आहेत की कपाटात कुलपाआड? आणि निघताना एकच प्रश्न विचारावा की इथल्या ताई किती वर्षांपासून आहेत. या निरीक्षणाला पैसे पडत नाहीत.

आजोबा, निवृत्त

मुलगा आणि सून दोघेही कामावर जातात. नातीला दुसऱ्या वर्षापासून मी सांभाळतो. पहिल्या वर्षी तिला कुठेच घातले नाही, कारण तेवढी ऐपत नव्हती. घरात काय करता येईल याचा मात्र मी कसून अभ्यास केला.

मारिया मॉन्टेसरी यांनी 6 जानेवारी 1907 रोजी रोममधील सान लोरेन्झो या कामगार वस्तीत लहान मुलांसाठी आपली पहिली बालशाळा उघडली, तेव्हा तिथे आलेली मुले श्रीमंतांची नव्हती. आई-वडील दिवसभर कामावर आणि मुले इमारतीच्या जिन्यांवर मोकाट, अशी स्थिती होती. त्यांच्या नावाने आज जे महागडे साहित्य विकले जाते ते पाहून सामान्य माणूस बिचकतो, पण त्यांच्या पद्धतीतला मोठा भाग रोजच्या कामांचा आहे. मी नातीला एक छोटा तांब्या आणि दोन पेले दिले. तांब्यातले पाणी एका पेल्यात ओतायचे, मग त्यातले दुसऱ्यात, आणि सांडले तर शेजारी ठेवलेल्या फडक्याने स्वतः टिपायचे. सुरुवातीला पेल्याबाहेरच जास्त जायचे. मग तिने दुसऱ्या हाताने तांब्याच्या बुडाला आधार द्यायला आपणहून सुरुवात केली, धार बारीक झाली आणि पेला काठाशी आला की ती श्वास रोखून थांबू लागली. मी काहीच शिकवले नव्हते, फक्त मधे बोललो नाही. हाताची पकड, अंदाज, एकाग्रता, आपला पसारा आपण आवरणे, सगळे त्यात आले. जुन्या कपड्यांची बटणे रंगानुसार आणि आकारानुसार निवडणे हा दुसरा खेळ, अर्थात मी समोर बसलेलो असतानाच, कारण लहान मुले बटण तोंडात घालतात. सुताराकडून मागून आणलेले लाकडाचे उरलेले तुकडे घासून गुळगुळीत केले, ते आमचे ठोकळे. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांनी एकोणिसाव्या शतकात बालोद्यानाची (किंडरगार्टनची) कल्पना मांडली तेव्हा त्यांच्याही साहित्यात लाकडी घन आणि लोकरीचे चेंडू होते.

आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे काम सुरू केल्यावर परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तूंतूनच साहित्य उभे केले आणि मुले येत नाहीत तर शाळेनेच मुलांच्या अंगणात जावे, असा विचार प्रत्यक्षात आणला. त्यांचे काम ज्यांना ठाऊक आहे त्यांना साहित्याच्या किमतीचा धाक वाटू नये.

दुसऱ्या वर्षी मात्र आम्ही तिला बालवाडीत घातले. आजोबा कितीही प्रेमळ असले तरी समवयस्क मुलांची जागा घेऊ शकत नाहीत. आपली पाळी येईपर्यंत थांबणे तिला इतर मुलांतच शिकता आले.

चार कुटुंबांच्या गटातील एक वडील

आम्ही ओळखीच्या चार कुटुंबांनी मिळून आळीपाळीने मुले सांभाळण्याची पद्धत बसवली. आठवड्याच्या ठरलेल्या सकाळी एका घरी सगळी मुले येतात आणि दोन पालक त्यांच्यासोबत असतात. न्यूझीलंडमध्ये 1941 पासून पालकांनीच चालवलेली प्लेसेंटर नावाची बालकेंद्रे आहेत आणि तिथे पालकांना त्यासाठी प्रशिक्षणही दिले जाते, हे वाचून आम्हाला धीर आला. पैसे जवळजवळ लागत नाहीत, वेळ मात्र भरपूर लागतो. ज्यांना कामावरून अर्धा दिवस मोकळा मिळत नाही त्यांनी यात पडू नये, असे मी स्पष्ट सांगतो, कारण एकाने दांडी मारली की ओझे उरलेल्यांवर पडते आणि मैत्री तुटायला वेळ लागत नाही. आजारी मूल आणायचे नाही, मुलांवर हात उगारायचा नाही, टीव्ही-मोबाइलचा पडदा सुरू करायचा नाही आणि दोन मोठी माणसे असल्याशिवाय वर्ग भरवायचा नाही, हे नियम आम्ही पहिल्याच बैठकीत लिहून काढले. आजवर तेच उपयोगी पडले आहेत.

उशिरा बोलू लागलेल्या मुलाची आई

आमचे मूल शासकीय बालकेंद्रात जाते. तिथे फी नाही, इमारत साधी आहे आणि मुलांची संख्या थोडी जास्तच आहे. काटकसर कुठे करू नये एवढेच मला सांगायचे आहे. मूल त्याच्या वयाच्या मानाने बोलत नसेल तर सर्वांत आधी कानांची तपासणी करावी, कारण कमी ऐकू येत असेल तर भाषा उशिरा येते आणि ते घरच्यांच्या लक्षात येतेच असे नाही. सार्वजनिक रुग्णालयांत ही तपासणी पुष्कळदा मोफत किंवा अल्प दरात होते. आम्ही खेळणी आणि वाढदिवसाचे खर्च पूर्ण थांबवले आणि तो पैसा वाचा-उपचाराकडे वळवला. पुढच्या वर्षीवर ढकलण्यासारखा हा खर्च नव्हता.

कार्यालयात काम करणारी आई

आमच्याकडे बालवाडी आणि पाळणाघराची फी माझ्या पगारातून वजा करून दाखवली गेली आणि हाती इतके थोडे उरते तर नोकरी कशाला, असा प्रश्न आला. या हिशेबाला माझा ठाम आक्षेप आहे. मूल दोघांचे असेल तर फी दोघांच्या एकत्रित मिळकतीतून वजा व्हायला हवी. शिवाय तीन-चार वर्षांच्या खंडाने जाते ते फक्त तेवढ्या वर्षांचे वेतन नसते. वाढलेला पगार, बढतीची संधी आणि निवृत्तीसाठी जमा होणारी रक्कम हेही जाते, आणि पुन्हा नोकरी शोधताना बहुधा खालच्या पायरीवरून सुरुवात करावी लागते. ज्यांना घरी राहायचे आहे त्यांनी जरूर राहावे. पण केवळ या अर्धवट वजाबाकीवरून कोणा आईने काम सोडू नये, असे मला मनापासून वाटते.

एकल पालक, पाळीची नोकरी

शिक्षिकाबाईंना एक प्रश्न आहे. माझ्या धाकट्यासाठी दोन वर्षांपैकी एकाच वर्षाची फी जमेल अशी स्थिती आहे. कोणते वर्ष निवडावे?

बालवाडीत शिकवणारी शिक्षिका

घरी त्याच्याशी बोलणारे, वाचून दाखवणारे आणि सुरक्षितपणे सांभाळणारे कोणी असेल तर पहिलीच्या अगोदरचे वर्ष निवडावे. दक्षिण कोरियातील इंचॉन येथे 2015 मध्ये झालेल्या जागतिक शिक्षण परिषदेच्या जाहीरनाम्यात देशांना किमान एक वर्ष मोफत पूर्वप्राथमिक शिक्षण द्यावे असे आवाहन केले गेले, त्यामुळे आपल्या भागात त्या वर्षासाठी शासकीय जागा आहे का हे आधी तपासावे. ती मिळाली तर हातातले पैसे त्याआधीच्या वर्षासाठी वापरता येतील आणि दोन्ही वर्षे साधतील. आपली रात्रपाळी असताना दिवसा मुलाला सांभाळायला विश्रांती घेतलेले माणूस घरी नसेल, तर मात्र माझे उत्तर उलट आहे: तो लहान आहे तेव्हाच्या सुरक्षित सांभाळावर पैसे आधी खर्च करावेत. आपल्या पाळीच्या वेळा कळवल्यात तर अर्ध्या वेळेचा वर्ग कसा बसवता येईल हे आपण इथेच मिळून पाहू.